रात्रीचें अपुरें काम

सोलापुरांत शिकलेले नट श्री. अतुल कुलकर्णी यांनीं २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटांत छिन्नमनस्क तरुणाची भूमिका केली. या विकारांतील भ्रम, संशय, कानीं येणारे आवाज आतां पुष्कळांना ठाऊक आहेत. परंतु हातानें शिकलेलें नवें काम लवकर अंगवळणीं पडत नाहीं, हें लक्षण घरांत कोणी ओळखीत नाहीं. वडील माणसें म्हणतात, “काल तर जमलें होतें, आज आळस करतो.” हा आरोप आम्हांला अन्यायाचा वाटतो.

मागावर तुटल्या धाग्याची गांठ मारावयास शिकणाऱ्याचा हात पहिल्या दिवशीं अडखळतो. एक रात्र गेली कीं सकाळीं तोच हात कांहींसा सफाईनें चालतो. हें केवळ सरावाचें फळ नव्हे. त्यांत झोंपेचाहि वाटा आहे. निजलेल्या मेंदूच्या आलेखावर दर सेकंदाला सुमारें १२ ते १५ आंदोलनांचे छोटे झुबके उमटतात. सूत गुंडाळलेल्या चातीसारखा त्यांचा आकार, म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांना चातीचेंच नांव दिलें. दिवसां शिकलेलें पक्कें करण्यास त्यांचा हातभार लागतो. छिन्नमनस्क रुग्णांत या चात्या कमी आढळतात. बोस्टनच्या संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, बोटांनीं आंकड्यांची ठराविक मालिका दाबण्याच्या कामांत हे रुग्ण सराव चालू असतां इतरांसारखेच सुधारतात. परंतु रात्रीनंतर निरोगी माणसांची गति वाढते, तशी यांची वाढत नाहीं.

मग झोंपेच्या गोळीनें चात्या वाढवाव्या काय? एस्झोपिक्लोन या औषधानें त्या वाढतात, हें २०१३ सालीं दिसून आलें. परंतु २०२० सालच्या चाचणींतहि शिकलेलें अधिक पक्कें झालें नाहीं. चात्या आणि गाढ झोंपेंतील संथ लहरी यांचा मेळ औषधानें बिघडत असावा, असें संशोधकांचें अनुमान आहे. धोटा कितीहि फिरला, तरी ताण्याशीं त्याची वेळ जुळली नाहीं, तर कापड कसें उतरणार?

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी: झोंपेची गोळी आपल्या मतानें देऊं नये, चालू असलेली बंदहि करूं नये, मनोविकारतज्ज्ञांस विचारावें. आणि रुग्णाला घरचें एखादें काम शिकवितांना, काल दाखविलेलें आज पुन्हां, न रागावतां दाखवावें. त्याच्या रात्रीकडून जें अपुरें राहतें, तें आपल्या दिवसाच्या धीरानें थोडें तरी भरून निघेल.