इशाऱ्यापाशीच कर्तव्य संपते काय?

वादळाचा इशारा ही कोकणातील कोळ्यांची बाब. सेलूच्या मोंढ्यात बसून कापसाचा भाव ठरविणाऱ्यांस तिच्याशी काय कर्तव्य, अशी आमच्या गावात पुष्कळांची समजूत आहे. ती किती पोकळ आहे हे २०२१ साली दिसून आले. त्या वर्षी २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या पूर्व किनाऱ्यावर चढले, आणि त्याचा उरलासुरला जोर दोन दिवसांत मराठवाड्यावर येऊन कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुरात अडकलेल्या माणसांस हेलिकॉप्टरने उचलावे लागले. तेव्हा समुद्र आमच्यापासून दूर आहे, यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

अधिकारी इशारा देत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. हवामान खाते भाकीत करते, जिल्हाधिकारी पत्रक काढतात, निम्न दुधना धरणातून पाणी सोडावयाचे झाले म्हणजे नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे असे कळविले जाते. पण त्या पत्रकांची भाषा पाहा! ‘इतक्या क्युसेकचा विसर्ग.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८ लिटर पाणी, हे ज्यास ठाऊक आहे त्यासही दहा हजार क्युसेकने आपला गोठा बुडेल की नाही हे सांगता येणार नाही. पाणी मारुतीच्या पारापर्यंत येणार की घराच्या ओट्यापर्यंत, आणि ते किती वाजता, एवढेच शेतकऱ्यास हवे असते. मागील पुरांच्या खुणा गावोगाव भिंतींवर आहेत. त्या मोजून हे सांगणे काही अशक्य नव्हे.

जे व्हावयाचे ते होणारच, असे म्हणणाऱ्यांसाठी ओडिशाचे उदाहरण देतो. १९९९ च्या ऑक्टोबरातील महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांस आधीच हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत भाकीत सुधारले, पण त्याबरोबर किनाऱ्यावर पक्की आश्रयगृहेही उभी राहिली. ओडिशाचे ग्रहच तेवढ्यात पालटले असे कोणा जोशीबुवांचे मत असल्यास त्यांनी ते लिहून पाठवावे. आम्ही आनंदाने छापू.

मग सांगूनही लोक घर का सोडीत नाहीत? त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. सखल जागी राहतो तो बहुधा शेतमजूर. त्याची सारी दौलत म्हणजे एक म्हैस, दोन शेळ्या आणि कणगीतील ज्वारी. ती टाकून शाळेच्या वऱ्हांड्यात जाऊन बस, असे त्यास सांगणे म्हणजे जीव वाचव आणि उद्यापासून उपाशी राहा, असेच सांगणे होय. बांगलादेशाने किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले ते याच अनुभवाने.

येथे आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती आहे. सप्टेंबरात नवा कापूस येण्यापूर्वी जिनिंगची आवारे बहुतेक रिकामी असतात. त्यांपैकी जी उंच जागी आहेत ती पुराच्या चार दिवसांपुरती माणसांस व जनावरांस उघडून द्यावीत. आत घेताना कोणाची जात विचारू नये, आणि बायकांच्या निजण्याची व शौचाची सोय निराळी ठेवावी. या एका गोष्टीवाचून कित्येक घरांतील बायका शेवटपर्यंत बाहेर पडत नाहीत.

तहसील कचेरीने दुधनाकाठच्या प्रत्येक गावी पुराची खूण रंगवावी, इशारा कोतवालाकरवी दवंडी पिटून सांगावा, मोबाईलवरील संदेशावर भिस्त ठेवू नये, आणि कोणी कोठे जावयाचे याची यादी चावडीवर लावावी. मृग लागण्यापूर्वी ही यादी लागली पाहिजे. आपल्या आवाराचे नाव तीत घालण्यास किती आडते व जिनिंगवाले पुढे येतात, ते आम्ही याच स्तंभात कळवू.