तवा कोणी निवडायचा?

वार्षिकासाठी लेख देतो म्हटल्यावर संपादक-मंडळातल्या एका मित्राने विषय विचारला. ‘तवा’ म्हणताच तो मोठ्याने हसला. बहिणाबाईंनी संसाराला तव्याची उपमा दिली, तिचे रसग्रहण आपण वर्गात भक्तिभावाने करतो, परीक्षेत त्यावर गुणही मिळवतो. पण खुद्द तव्याविषयी कोणी बोलू लागले की ती बायकांची गोष्ट ठरते! माझी तक्रार नेमकी येथेच आहे.

२०२२ च्या दिवाळीत वडिलांनी घरी नॉनस्टिक तवा आणला. हेतू चांगलाच होता. आईचे घासण्याचे श्रम वाचावेत, तेल कमी लागावे. आजीच्या वेळचा लोखंडी तवा त्यांनी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकला. आईला विचारले नाही. विचारायचे असते, हे आम्हां कोणाच्या डोक्यातही आले नाही. मी तर नव्या तव्याची चकाकी पाहून खूश होतो.

आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. तिला तवा कडकडीत तापलेला लागतो. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची, आणि दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून आचेवर फुगवायची. या साऱ्यात रिकामा तवा मोठ्या आचेवर कितीदा तरी राहतो. नॉनस्टिकला हेच सोसत नाही. त्याच्यावरचा लेप म्हणजे टेफ्लॉन. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ साली दुसरेच काही शोधताना अचानक सापडला. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर हा लेप खराब होऊ लागतो. त्याहून फार तापला तर त्याच्या धुराने घरातले पाळीव पक्षी मरू शकतात. भाकरीची धग आणि हा लेप यांचे जमायचे कसे? त्यात आमच्या घरी उलथणे स्टीलचे. महिन्याभरात तव्यावर ओरखडे उमटले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा खरी गोष्ट कळली. दोन-अडीच महिने आई रोज शेजारच्या काकूंचा तवा मागून आणत होती. त्यांचा स्वयंपाक आटोपेपर्यंत थांबायची. त्यामुळे जेवायला उशीर होई, आणि उशीर झाला म्हणून ती बोलणी खाई.

“अगं, मग सांगायचं नाही का?” मी म्हणालो.

“एवढ्या हौसेनं आणलाय. नाही कसं म्हणू?”

त्या शनिवारी मी तिच्याबरोबर आठवडे बाजारात गेलो. घिसाड्याने ठोकलेले तवे मांडले होते. आईने एकेक उचलून हातात तोलला, बोटाने वाजवून पाहिला, डोळ्यांसमोर आडवा धरून कड पाहिली. पातळ तवा लवकर तापतो, पण मधोमध करपवतो आणि पुढे वाकतो. फार जड घेतला तर मनगट दुखते. भाकरीला किंचित खोलगट बरा, पोळीला सपाट. बिडाचा तवा घावन-धिरड्याला उत्तम, पण हातातून पडला की तडकतो. आईला हे सारे ठाऊक होते. आम्ही कधी विचारले नव्हते, इतकेच. घरी आल्यावर तिने तवा राखेने खसखसून घासला, तेल लावून तापवला, अर्धा कांदा त्यावर फिरवला. असे चार-पाच वेळा केले. तापलेल्या तेलाचा पातळ थर लोखंडाला घट्ट बसतो आणि मग पदार्थ चिकटत नाही. थोडक्यात, तोही नॉनस्टिकच, फक्त घरी बनवलेला!

आता लोखंडाचा तवा वापरला की रक्त वाढते, असे छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पूर्ण खरे नाही. आंबट आणि पातळ पदार्थ लोखंडी कढईत शिजले तर त्यात लोह चांगले उतरते. कोरडी भाकरी तव्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे असते, तिच्यात ते कितीसे येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढा मोठा प्रश्न एका तव्याने सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले कोण जेवते, हे आधी पाहावे.

नॉनस्टिकशी माझे वैर नाही. खोली करून राहणाऱ्या आम्हां मुलांना मंद आचेवर अंडे करायला तो सोयीचा आहे. इंडक्शनची शेगडी असेल तर साधा हिंडालियमचा तवा तिच्यावर तापत नाही, लोखंडाचा तापतो, तेव्हा तेही बघूनच घ्यावे. माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्या हाताला तवा लागतो त्याला दुकानात आधी न्यावे. लेखणी घेताना आपण चार लेखण्या कागदावर चालवून पाहतो. आपल्यासाठी दुसऱ्याने परस्पर घेतलेली आपल्याला चालत नाही.

नवा तवा वळणावर यायला पंधरा दिवस लागले. तोवर भाकऱ्या चिकटत होत्या, आणि वडील त्या मुकाट्याने खात होते. नॉनस्टिक तवा अजून फळीवर आहे. रविवारी वडील त्यावर स्वतः ऑम्लेट करतात. त्यासाठीचे लाकडी उलथणे मात्र आईने पसंत करून आणले.