सरखेलांची समाधी आपल्याला राखायची आहे

अलिबागला येणाऱ्या गाड्या थेट समुद्रावर जातात. ओहोटी असली की लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात, घोडागाडीत बसतात, फोटो काढतात आणि परततात. ज्या माणसामुळे या किनाऱ्याचा दरारा होता, त्या सरखेल, म्हणजे मराठा आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांची समाधी याच गावात आहे. तिच्याकडे मात्र फार थोड्यांची पावलं वळतात. गावातल्यांचीही नाहीत, हे जास्त लागतं.

हा कोणी एका ठाण्याचा किल्लेदार नव्हता. कान्होजींचं दस्तक, म्हणजे समुद्रावरचा परवाना, घेतल्याशिवाय कोकणपट्टीवरून व्यापारी जहाज सुखरूप जाईल, याची खात्री कोणालाच नव्हती. दस्तक न घेणाऱ्यांत इंग्रज पुढे, आणि आपल्या कागदांत कान्होजींना चाचा म्हणून लिहिण्यातही तेच पुढे. मुंबईचा गव्हर्नर बून याने आधी विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार धाडलं. दोन्ही वेळा हात हलवत परतावं लागलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं घेऊन, कोळी-भंडारी दर्यावर्दींच्या बळावर कान्होजींचं आरमार उभं राहिलं होतं. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. मुंबईतला नौदलाचा तळ १९५१ पासून ‘आय. एन. एस. आंग्रे’ हे नाव मिरवतो. नौदलाने नाव जपलं. समाधी जपणं आपल्याकडे आहे.

आणि जपायचं म्हणजे रंग फासायचा नव्हे. खाऱ्या हवेतलं जुनं दगडी काम दोन गोष्टींनी जातं. पहिली, पिंपळ. पाऊस लागला की दगडाच्या सांध्यात बोटभर रोप दिसतं, दोनच पानं, तांबूस, कोवळी. ते उपटावं तर पानं हातात येतात आणि मूळ आत राहतं. काही पावसाळ्यांत तेच मूळ मनगटाएवढं होऊन चिरा जागचा हलवतं. म्हणून रोप लहान असतानाच, जाणकाराकडून, मुळासकट काढावं लागतं. दुसरी गोष्ट आपल्याच हौसेची: सिमेंट. मोकळ्या झालेल्या दरजांत घाईने सिमेंट भरलं की पहिल्या वर्षी काम देखणं दिसतं. पण ओल आत कोंडते, मीठ दगडात साठतं आणि दगडाला पापुद्रे सुटू लागतात. चुना ओल बाहेर सोडतो. घाण्यात मळलेल्या चुन्याने दरजा भरणारे हात आता कमी उरलेत, महागही आहेत. तरी तेच हवेत.

अलिबागकरांनो, हे काम पुतळे उभारण्याइतकं खर्चाचं नाही. आधी समाधीचं आणि आवाराचं मोजमाप व्हावं, प्रत्येक बाजूची छायाचित्रं काढून ठेवावीत. पुढच्या पिढीला कुठला दगड कुठे होता ते कळलं पाहिजे. पुरातत्त्वाच्या जाणकारांना विचारल्याशिवाय कोणीही थापी हातात घेऊ नये, मग तो कितीही श्रद्धाळू असो. भोवती फ्लेक्स बांधायला आवाराचा आधार कोणत्याही पक्षाने, कोणत्याही मंडळाने घेऊ नये. तारखा नीट तपासलेला, स्वच्छ मराठीतला एक फलक तिथे असावा. शाळांनी सहल किल्ल्यावर न्यावीच, पण परतताना मुलांना इथे अर्धा तास थांबवावं. दस्तक म्हणजे काय, गुराब कशी असते, हे मास्तरांनी इथेच सांगावं. ज्यांचे पूर्वज या आरमारात होते अशी घरं आजही या किनाऱ्यावर असतील. त्यांच्याकडचे कागद, आठवणी उतरवून घ्यायला कोणीतरी बसायला हवं.

या सगळ्यासाठी नगरपरिषदेकडे अर्ज द्यायचा आहे. त्यावर सह्या हव्यात, त्याही पाऊस सुरू होण्याआधी, कारण चुन्याचं काम ओल्यात होत नाही. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या अलिबागकरांनीही हात आखडता घेऊ नये. आणि ४ जुलैला समाधीवर या. हार आणलात तर आणा, पण सांध्यांकडेही बघा; कुठे पिंपळाचं रोप दिसलं तर त्याचा फोटो काढून नगरपरिषदेकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवा.