पहारेकऱ्याची चौकशी, कॅमेरेवाल्याला मोकळे रान

सोसायटीच्या फाटकावर रात्रभर खुर्ची टाकून बसणाऱ्या पहारेकऱ्यासाठी आपल्याकडे संसदेने केलेला कायदा आहे. खासगी सुरक्षा एजन्सींचे नियमन करणाऱ्या 2005 च्या या कायद्यानुसार परवाना न घेता एजन्सी चालवणे हा गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद, 25 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहारेकरी 18 ते 65 वयाचा हवा, त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी व्हायला हवी, त्याला प्रशिक्षण मिळायला हवे. केंद्राच्या आदर्श नियमांनी तर 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर, असे प्रशिक्षणाचे तासही ठरवून दिले. महाराष्ट्राने याच्या कितीतरी आधी, 1981 मध्येच, खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे आणि कल्याणाचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला होता.

त्याच इमारतीत आणखी एक माणूस येतो. पाठीला सॅक, हातात ड्रिल, खांद्यावर केबलचे भेंडोळे. हा फाटकावर थांबत नाही, थेट घरात शिरतो. तिजोरी कुठल्या खोलीत आहे, मागचे दार कुठे उघडते, घरातली मंडळी कधी बाहेर असतात, कॅमेऱ्याला कुठला कोपरा दिसत नाही, हूटर कुठल्या वायरीवर चालतो, हे सगळे त्याला कळतेच. ते कळल्याशिवाय त्याचे कामच होत नाही. या माणसाचा 2005 च्या कायद्यात उल्लेखसुद्धा नाही. दुकानाची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक एवढ्या भांडवलावर कोणीही महाराष्ट्रात अलार्म आणि कॅमेऱ्यांची कंपनी काढू शकतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. घरफोडीचा अलार्म आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या आणि दूर बसून त्यांवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीला राज्याचा परवाना सक्तीचा असावा. त्या परवान्याखालच्या कामाचा हिशेब मात्र स्थानिक पातळीवर ठेवला जावा.

आमच्या सोसायटीने कॅमेऱ्यांचा ठेकेदार बदलला तेव्हा मी समितीवर होतो. नव्या कंपनीच्या मुलाने चित्रण साठवणारे यंत्र, म्हणजे एनव्हीआर, उघडून वापरकर्त्यांची यादी दाखवली, तर त्यात जुन्या ठेकेदाराचे खाते ॲडमिन म्हणून तसेच होते. वार्षिक देखभालीचा करार संपला होता, हिशेब चुकता झाला होता, तरी लहान मुलांच्या खेळण्याची जागा, जिना, लिफ्टचे दार असे सगळे त्याच्या मोबाइलवर दिसू शकत होते. त्याने ते पाहिले असेलच असे मी म्हणत नाही. पण तक्रार कुठे करायची, हे आम्हा कोणालाच सांगता येईना. ग्राहक आयोगात जावे तर नुकसान कोणते दाखवणार? पोलीस ठाण्यात जावे तर गुन्हा कोणता सांगणार? ज्याच्याकडे दाद मागावी असे दारच नव्हते.

परवान्याचे नाव काढले की पहिला आक्षेप येतो तो लायसन्स राजचा. अर्ज, शिक्के, हेलपाटे आणि टेबलाखालचे व्यवहार. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण ज्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांचा तो अनुभव आहे. पण लायसन्स राजचा खरा दोष कोणता होता? कोणी किती माल काढायचा आणि धंद्यात किती जणांना येऊ द्यायचे, हे सरकार ठरवत असे. मी मागतो त्या परवान्यात संख्येवर मर्यादा नाही. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळालाच पाहिजे. सरकारने अडवून धरू नये यासाठीही आपल्याकडे साधन आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. हा परवाना त्यातल्या अधिसूचित सेवांमध्ये घालावा आणि मुदतीत निर्णय न झाल्यास अर्जदाराला अपिलाचा मार्ग मोकळा ठेवावा. एजन्सींच्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा, असे 2005 च्या कायद्यातच म्हटले आहे.

याच आक्षेपाचा दुसरा पदर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल उचलून गावोगाव कॅमेरे बसवणारी हजारो तरुण मुले आज या धंद्यावर पोट भरत आहेत. परवान्याचा खर्च मोठ्या कंपन्या सहज सोसतील, ही मुले मात्र बाहेर फेकली जातील, अशी भीती घातली जाते. ती खोटी नाही. म्हणूनच शुल्क कामाच्या आवाक्याप्रमाणे ठेवले पाहिजे. सुरक्षा एजन्सींना एका जिल्ह्यासाठी 5 हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत 10 हजार आणि संपूर्ण राज्यासाठी 25 हजार असे टप्पे कायद्यातच आहेत. एकट्याने काम करणाऱ्या तंत्रज्ञासाठी याहूनही खालचा टप्पा ठेवता येईल. जो आधीपासून धंद्यात आहे त्याला तात्पुरता परवाना देऊन आयटीआयमध्ये थोड्या दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करायला सवलत द्यावी. घरगुती वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचे, हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. त्याने वायरमनचा रोजगार बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

‘चांगले-वाईट ग्राहकच ठरवील’ हे म्हणणे चटकन पटते, पण या धंद्यात ते टिकत नाही. हॉटेलातले जेवण वाईट निघाले तर त्याच दिवशी कळते. डीव्हीआरची हार्ड डिस्क बंद पडली आहे, बॅटरी बॅकअप मेलेला आहे किंवा दाराचा सेन्सर कधीपासून सिग्नलच देत नाही, हे सराफाला दुकान फुटल्यानंतर कळते. तेव्हा परीक्षण लिहून काय उपयोग?

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे आणि वरवर अभ्यासू वाटतो. केंद्राने 9 एप्रिल 2024 च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आणि 9 एप्रिल 2025 पासून त्या लागूही झाल्या; मग आणखी परवाना कशाला? निर्णय चांगला आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. पण त्यातून तपासला जातो तो कॅमेरा. तो भिंतीवर लावणारा हात कोणी तपासत नाही. चाचणीत उत्तम ठरलेला कॅमेरा बसवताना कोणी सोपा पासवर्ड ठेवला, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड दिला किंवा दुरुस्ती सोपी जावी म्हणून राउटरचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला, तर चाचणीचे प्रमाणपत्र काय करणार? 2016 मध्ये मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांचा कारभार त्यांच्या जोरावर ठप्प केला गेला. आपल्या अगदी जवळचे उदाहरण राजकोटचे आहे. तिथल्या एका प्रसूतिगृहातली महिला रुग्णांची तपासणी होतानाची सीसीटीव्ही दृश्ये पैशासाठी विकली जात असल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये उघड झाले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. म्हणजे हा प्रश्न गुजरातचा म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. त्या तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायलाच नको होता, हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? कॅमेरा बसवणारा परवानाधारक असता आणि शौचालय, कपडे बदलण्याची जागा किंवा रुग्णतपासणीची खोली इथे कॅमेरा लावल्यास परवाना जाईल, अशी अट असती, तर ड्रिल लावण्याआधी एक तरी माणूस थांबला असता. विरोधकांनी याचे उत्तर द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आता सगळ्यांत जड आक्षेप. ‘परवाना असूनही काय उपयोग झाला?’ असे म्हणत विरोधक अमेरिकेतल्या डॅलसकडे बोट दाखवतात. टेक्सास राज्यात अलार्मच्या धंद्याला राज्याचा परवाना लागतो. तरीही एका नामांकित कंपनीचा तंत्रज्ञ कामाला गेलेल्या घरांत ग्राहकाच्या खात्याला गुपचूप आपला ईमेल जोडत राहिला आणि चार वर्षांहून अधिक काळ लोकांच्या खासगी खोल्या पाहत राहिला. सुमारे 200 खाती, 9,600 हून अधिक वेळा. 2021 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 52 महिन्यांची शिक्षा झाली. ही हकिकत वाचून अंगावर काटा येतो. पण तिच्यातून परवाना निरुपयोगी ठरतो, हा निष्कर्ष मला मान्य नाही. चारित्र्य पडताळणी आधीचा गुन्हा दाखवते, उद्याचा दाखवत नाही. तेव्हा केवळ दारावरच्या चौकशीवर थांबणारा परवाना अपुरा आहे, एवढेच डॅलसने सिद्ध केले. त्या परवान्यात काय हवे होते तेही त्याच प्रकरणाने सांगितले: खात्याला नवा वापरकर्ता जोडला की ग्राहकाच्या मोबाइलवर तत्काळ सूचना गेली पाहिजे, आणि कोणी केव्हा पाहिले याची नोंद ग्राहकाला कधीही बघता आली पाहिजे. शिवाय हे किती वेळा घडले ते मोजता आले, कारण कंपनीच्या यंत्रणेत नोंदी होत्या. आपल्याकडे असे घडले तर मोजणार कोण? चार वर्षे कळलेच नाही, हे डॅलसचे दुर्दैव; इथे ते कधीच कळणार नाही.

राहिला पोलिसांवरच्या बोजाचा प्रश्न. आधीच अपुरे मनुष्यबळ, त्यात हे आणखी एक काम, असे अधिकारीच म्हणतात. मला वाटते गणित उलटे आहे, आणि ते अमेरिकेतल्या शहरांनी स्वतः चटके सोसून मांडून ठेवले आहे. तिथल्या न्याय खात्याने प्रसिद्ध केलेल्या पोलिसांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार एका वर्षात पोलिसांना अलार्मच्या सुमारे 3 कोटी 60 लाख वर्दींवर धावावे लागले आणि त्यांतल्या 94 ते 98 टक्के खोट्या होत्या. कुठे मांजर फिरले, कुठे वाऱ्याने दार हलले, कुठे मालकच पिन विसरला. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर 2000 मध्ये नियम केला की अलार्म वाजला म्हणून पोलीस धावणार नाहीत. कंपनीने आधी माणूस पाठवून खात्री करावी. पोलिसांवर येणाऱ्या अलार्मच्या वर्दी तिथे सुमारे 90 टक्क्यांनी घटल्या. सिॲटलच्या पोलिसांनी ऑक्टोबर 2024 पासून असाच पुरावा मागायला सुरुवात केली. जॉर्जियातल्या सँडी स्प्रिंग्ज शहराने खोट्या अलार्मचा दंड घरमालकाऐवजी कंपनीवर बसवला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2020 मध्ये अपिलातही हरल्या. ब्रिटनमध्ये तर मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेल्या कंपनीच्याच अलार्मला पोलीस प्रतिसाद देतात.

आपल्याकडे आज पोलिसांना थेट जोडलेले अलार्म थोडे आहेत. सराफ कट्ट्यावर मध्यरात्री हूटर वाजला तर शेजारचा दुकानदार कूस बदलतो, कारण तो आधीही असाच वाजलेला असतो. पण मोबाइलवर चालणारे स्वस्त अलार्म आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत आणि 112 हा क्रमांक सगळ्यांना पाठ होतो आहे. या दोन्हींची गाठ पडण्याआधी नियम केला, तर पोलिसांचे काम वाचेल. अमेरिकेने हूटर आधी विकू दिले आणि नियम मागाहून केले. ती चूक आपण पैसे मोजून पुन्हा कशाला करायची?

हे घडवायला नवे डोके चालवावे लागणार नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 चा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बसवायला आणि सांभाळायला परवानाधारक एजन्सी लागते, आणि यंत्रणा चालू असल्याचे तिचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. म्हणजे एकाच छतावर धुराचा सेन्सर लावणाऱ्याला परवाना लागतो आणि हातभर अंतरावर कॅमेरा लावणाऱ्याला लागत नाही. फॉर्म बी न बघता सही करून देणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या सहीखाली नाव असते आणि परवाना क्रमांक असतो, म्हणून दुर्घटनेनंतर जाब विचारता येतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत विचारायला कागदच नाही.

एक मुद्दा विरोधकांचा बरोबर आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, प्रत्येक आयुक्तालयाने आपला वेगळा परवाना काढला तर छोट्या कंपनीचा जीव जाईल. म्हणून परवाना राज्याचा एकच हवा. स्थानिक पोलीस ठाण्याकडे फक्त आपल्या हद्दीत कोणते परवानाधारक काम करतात, कोणाविरुद्ध तक्रारी आहेत आणि कोणाचे अलार्म वारंवार खोटे वाजतात, एवढी नोंद असावी. कोणाच्या घरी कुठे कॅमेरा आहे याची यादी ठाण्यात मुळीच नसावी. तशी यादी चोराच्या हाती लागली तर सगळ्यांत मोठा धोका तिचाच ठरेल.

परवान्याच्या अटींतली एक मला इतर सगळ्यांहून जवळची वाटते. काम संपले की ॲडमिनचा पासवर्ड ग्राहकाने स्वतः बदलायचा, कंपनीचे खाते ग्राहकाच्या लेखी संमतीनेच ठेवायचे, करार संपताच काढायचे, आणि तसे केल्याचा सहीचा कागद दोघांनी ठेवायचा. याला खर्च शून्य आहे, वेळ पाच मिनिटे. प्रामाणिक तंत्रज्ञ आजही हे करतात. मी अशी मुले पाहिली आहेत, जी पासवर्ड टाकताना आपण होऊन मान वळवतात. पण स्पर्धेत त्यांचा दर आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून नेणाऱ्याचा दर ग्राहकाला सारखाच दिसतो. परवान्याचे ओळखपत्र गळ्यात असेल, तर दार उघडणाऱ्या आजींना दोघांतला फरक निदान दारातच ओळखता येईल. येत्या अधिवेशनात गृहखात्याने याचे विधेयक मांडावे आणि अलार्म व्यावसायिकांच्या संघटनांनी त्याचा मसुदा करायला स्वतः पुढे यावे, कारण या धंद्यात विश्वास हाच माल आहे आणि तो आज विनाहमी विकला जातो आहे.