पासवर्ड ज्याचा, कॅमेरा त्याचा



भाव पडला की कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा, एवढे एकच हत्यार कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती आहे. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हा आमचा कापूस राज्याबाहेर जाऊ नये म्हणून सरकारने नाक्यानाक्यावर पहारे बसवले. घरातला कापूस चोरापासून राखायला मात्र एक शिपाई दिला नाही. राखण आमची आम्हालाच करायची आहे.

म्हणून गावात कॅमेरे लागत आहेत, याचे आम्ही स्वागत करतो. ज्वारीत रानडुकरे हाकायला जागलीला गेलेल्या माणसाला मचाणावरून मोबाइलवर घर दिसावे, यात चैन कसली? शेतकऱ्याला कॅमेरा कशाला, असे विचारणाऱ्या शहाण्यांनी आधी आपल्या फ्लॅटच्या दाराकडे बघावे.

आमचे भांडण आहे ते कॅमेरा बसवण्याच्या रीतीशी. बसवणारा येतो, स्वतःच्या नंबरवर खाते उघडतो, कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवतो आणि पैसे मोजून घेऊन जातो. मग त्या कॅमेऱ्याचा मालक कोण? काटा दुसऱ्याच्या हाती असला की मापाचे काय होते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. आता घराचा डोळाही दुसऱ्याच्या हाती द्यायचा काय?

ही भीती पोकळ नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने कारखान्याचेच पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २०२५ साली राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांतून महिलांच्या तपासणीची चित्रणे चोरून विकली गेल्याचे उघडकीस आले.

तेव्हा बसवणाऱ्याला ठणकावून सांगा. खाते आमच्या नंबरवर उघड. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा पासवर्ड आम्ही बदलू. बाहेरून बघण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडे टाकू नकोस. ॲपमधून, ओटीपी लावून बघू. कॅमेऱ्याचे तोंड कापसाच्या खोलीकडे आणि दाराकडे राहील, न्हाणीकडे आणि चुलीकडे नाही.

हिशेबही आपणच करावा. सेकंदाला १ मेगाबिट धरले तर दिवसरात्रीचे चित्रण १० जीबीच्या वर जाते. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज साडेतीन तासांत संपेल. म्हणून चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवावे आणि मोबाइलवर गरजेपुरतेच बघावे. ६४ जीबीचे कार्ड पाचसहा दिवस पुरते, नंतर जुने पुसून नवे भरत जाते. कॅमेरा हात पोचणार नाही इतका उंच लावावा. लाइट गेली की राउटरही झोपतो, म्हणून दोन्ही बॅटरीवर हवेत.

या बैठकीत एक ठराव मात्र झालाच पाहिजे. कापूस खरेदी केंद्रावरच्या प्रत्येक काट्यावर कॅमेरा लागावा, आणि ज्याचा कापूस मोजला त्या शेतकऱ्याला त्याचे चित्रण मागताक्षणी मिळावे. आमच्यावर पहारे पुष्कळ झाले. आता काट्यावर पहारा आमचा!