नोकऱ्या किती नव्हे, कोणत्या?

वाचकहो, चाकणच्या परिसरात मोटारीच्या सुट्या भागांचा नवा कारखाना उघडला की रोजगाराच्या आकड्यांचा जयघोष होतो. त्या आकड्यांना भुलू नका! मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना काम मिळतच होते. परंतु अधिक मजुरीचे विणखाते त्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा सवर्णांना विटाळ होई! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. आज राज्यघटनेच्या १६(४) कलमाखालील राखीव जागा खाजगी कारखान्याच्या फाटकाबाहेरच थांबतात. म्हणून प्रत्येक नव्या फाटकाशी विचारा : कायम कामगार किती, कंत्राटी किती? यंत्रावर कोण आणि झाडूवर कोण? या प्रश्नांना उत्तर देत नाही, तो आकडा रोजगाराचा नव्हे, जाहिरातीचा होय.