परसातले झाड आणि मुंग्यांची रांग

भोर-वेल्ह्याकडील आपल्या परसात आंबा, पेरू वा सीताफळाचे झाड असेल आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर लगेच विषारी पावडर टाकू नये. मुंग्या बहुधा मावा व पिठ्या ढेकूण यांच्या गोड, चिकट स्रावासाठी वर चढतात आणि त्या किडींचे शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून त्यांची वाट अडवावी. खोडाभोवती वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. सालीला थेट लावू नये. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, अन्यथा मुंग्यांना दुसरी वाट मिळते. येथील धुवांधार पावसात पट्टीखाली ओल साचते, तेव्हा ती सोडून साल वाळू द्यावी.

छाटणीसाठी ज्येष्ठांनी शिडीवर चढू नये. ते काम घरातील तरुणांकडे सोपवावे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना मंदावली असेल, तर मुंगीचा चावा कळत नाही आणि जखम चिघळू शकते. अशांनी परसात बंद पादत्राणे घालावीत व परतल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या निरखाव्यात. वाकणे जमत नसल्यास घरच्यांनी पाहावे. चाव्यानंतर श्वास लागला किंवा ओठ, चेहरा सुजला, तर विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.